एका ताणावर दुसरा ताण : ऊस आणि उसाचे बेणे



'दुष्काळात तेरावा महिना' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. २०२३ साली ती अक्षरशः खरी झाली. त्या वर्षी श्रावण अधिक होता, १८ जुलैपासून १६ ऑगस्टपर्यंत. आणि तोच ऑगस्ट महिना देशाच्या १९०१ पासूनच्या नोंदीत सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. ऑक्टोबरअखेर राज्य शासनाने ४० तालुके दुष्काळी म्हणून जाहीर केले. पुढे २०२४ चा उन्हाळा कडक गेला. आणि त्याच्या पाठोपाठ पावसाळा आला तो देशाच्या सरासरीच्या १०८ टक्के. म्हणजे आधी तहान, मग ताप, आणि मग डोक्यावरून पाणी. या तिन्हीतून निघालेला ऊस २०२४-२५ च्या हंगामात गाळपाला आला, आणि राज्याचे साखर उत्पादन आधीच्या हंगामाच्या सुमारे ११० लाख टनांवरून ८० लाख टनांच्या आसपास आले. इथेनॉलकडे वळलेली साखर वगैरे इतर कारणेही त्यात होती, हे मान्य. पण त्या हंगामात ज्यांनी मोळी उचलून पाहिली, त्यांना उसाचे काय झाले हे आम्ही वेगळे सांगायला नको.

त्यानंतरच्या गटसभांतून एक प्रश्न आम्हाला पुन्हा पुन्हा विचारला गेला. "साहेब, पाण्याचा ताण आम्ही काय आज बघतोय का? ऊन तर दरसालचंच. अतिवृष्टीही बघितली. मग एकदम एवढा फटका कसा काय बसला?" प्रश्न अगदी रास्त आहे. सभेत उभ्या उभ्या त्याचे उत्तर नीट देता येत नाही, म्हणून हा लेख. यातला बेण्याचा भाग तरी सर्वांनी जरूर वाचावा, कारण नुकसानीचा तो भाग पुढच्या वर्षात जातो आणि आपल्या लक्षातही येत नाही.

दोन ताण एकत्र आले म्हणजे काय होते?

उसाच्या पानावर डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रे असतात. त्यांना पर्णरंध्रे म्हणतात. पीक या रंध्रांतून हवा आत घेते व पाण्याची वाफ बाहेर सोडते. वाफ बाहेर पडली की पान थंड राहते. घाम आल्यावर आपल्या अंगाला गारवा वाटतो, तसाच हा प्रकार.

आता बघा. नुसते ऊन असेल आणि सरीत ओल असेल, तर ऊस रंध्रे उघडी ठेवतो, भरपूर पाणी उडवतो आणि स्वतःला थंड ठेवतो. ऊस हे उष्ण प्रदेशाचेच पीक आहे. पाणी असेल तर ३५-३६ अंश तापमानात तो आनंदाने वाढतो. उलट नुसता पाण्याचा ताण असेल आणि हवा थंड असेल, तर तो रंध्रे मिटून घेतो, पाणी राखतो आणि दिवस काढतो. दोन्ही संकटांवर त्याच्याजवळ उपाय आहे. पंचाईत होते ती दोन्ही एकदम आली म्हणजे. उन्हावरचा उपाय रंध्रे उघडण्याचा आणि तहानेवरचा उपाय मिटण्याचा. झाड दोन्ही एकाच वेळी करू शकत नाही. बहुतेक वेळा ते रंध्रे मिटते, म्हणजे पाणी राखते. आणि मग पान तापत जाते. हवा आत येईना म्हणून अन्न तयार होणे थांबते, आणि उष्णतेमुळे झाडाचे श्वसन मात्र वाढते. श्वसन म्हणजे साठवलेली साखर जाळणे. थोडक्यात, आवक बंद आणि खर्च दुप्पट. तापमान ३८ अंशांच्या वर गेले की ही तफावत वाढतच जाते, आणि रात्रही उकाड्याची असली तर रात्रभर खर्च चालू राहतो.

हे पडताळून पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. मे महिन्यात दुपारी दोनच्या सुमारास पाणी दिलेल्या उसाचे पान हाताच्या तळव्यात धरा, आणि मग बांधापलीकडच्या, पाळी चुकलेल्या उसाचे पान धरा. पहिले गार लागते. दुसऱ्याची सुरळी झालेली असते आणि ती हाताला गरम लागते. ऊन दोघांना सारखेच आहे.

शास्त्रज्ञांनीही हे तपासले आहे. रॉन मिटलर या अभ्यासकाच्या गटाने २००२ साली तंबाखूच्या झाडांना दुष्काळ आणि उष्णता असे दोन्ही ताण एकत्र देऊन पाहिले, तेव्हा रंध्रे मिटलेली, अन्ननिर्मिती दबलेली, श्वसन वाढलेले आणि पानाचे तापमान चढलेले, असे चित्र दिसले. पुढे २००४ साली मोहरीच्या कुळातल्या एका लहान रोपावर काम करताना त्यांना आणखी एक गंमत आढळली. नुसत्या दुष्काळात ते रोप प्रोलिन नावाचा पदार्थ साठवून स्वतःला सांभाळते. पण दुष्काळाला उष्णतेची जोड मिळाली की प्रोलिन साठत नाही, आणि त्या जागी रोप साखर साठवते. म्हणजे दोन ताणांचे मिळून झाडाला तिसरेच दुखणे वाटते, आणि त्यावर औषधही ते तिसरेच काढते. हे रोप म्हणजे ऊस नव्हे, हे ध्यानात असावे. तरी ज्यांचे सगळे जगणे साखरेवर आहे अशा आपल्यासारख्यांना, अडचणीत सापडलेले झाड साखरेचा आधार घेते हे ऐकून विचार करावासा वाटेल.

त्याच शाखेतला २०२१ सालचा एक प्रयोग त्याहून बोलका आहे. त्यात उष्णता, क्षार वगैरे निरनिराळे ताण अगदी सौम्य प्रमाणात दिले होते, इतके सौम्य की एकेकट्याने रोपाला फारसे काही होत नव्हते. पण असे पाच-सहा सौम्य ताण एकत्र केल्यावर रोपांची वाढ आणि जगण्याचे प्रमाण पार ढासळले. आपल्या शेतात हेच होते. 'पाणी थोडंच कमी पडलं', 'जमीन थोडीशीच चोपण आहे', 'खोडकीड थोडीफार सगळीकडेच असते', असे आपण म्हणतो. प्रत्येक वाक्य खरे असते. पण सगळे 'थोडे' एकाच सरीत जमा झालेले असते.

उसाच्या वयाप्रमाणे फटका निराळा

एप्रिल-मेचे ऊन सगळ्या उसाला सारखे लागत नाही. सुरू हंगामाची लागण डिसेंबर मध्य ते फेब्रुवारी मध्य या काळात होते. म्हणजे ऐन उन्हाळ्यात तो ऊस दोन ते चार महिन्यांचा, फुटवे धरण्याच्या वयाचा असतो. या वयात पाणी आणि ऊन दोन्ही बाजूंनी ओढ बसली की फुटव्यांची संख्या घटते, आणि ती नंतर कितीही खत ओतले तरी भरून येत नाही. त्यात कोरड्या, तापलेल्या हवेत खोडकिडीचे फावते. पोंगा वाळतो, ओढला की सहज हातात येतो आणि त्याला घाण वास मारतो. कमी फुटवे आणि त्यातलेही काही किडीने नेलेले, अशा दुहेरी तोट्याने सरीत नांग्या दिसू लागतात.

आडसाली ऊस त्या वेळी नऊ-दहा महिन्यांचा असतो. त्याची संख्या ठरून गेलेली असते, फटका बसतो तो कांड्यांच्या लांबीला. उसाच्या अंगावर हवामान लिहिलेले असते असे आम्ही नेहमी म्हणतो. तोडीच्या वेळी एक ऊस उभा धरून बुडख्यापासून वर पाहत जा. लांब लांब कांड्या येतात, मग एकाएकी चार-पाच कांड्या बोटभर, आणि पुन्हा लांब. त्या बोटभर कांड्या म्हणजे तुमच्या चुकलेल्या पाळ्या. सालगड्याने सांगितले नाही तरी ऊस सांगतो.

बेणे : आम्ही केलेली चूक

गहू, हरभऱ्याचे बी म्हणजे दाणा. झाड स्वतः उपाशी राहून आधी दाण्यात अन्न भरते. उसाचे तसे नाही. आपण लावतो ती टिपरी म्हणजे खोडाचाच तुकडा. खोडाला जे सोसावे लागले ते जसेच्या तसे टिपरीत उतरते. मध्ये गाळणी कोणतीच नाही.

टिपरीवरचा डोळा फुटला की सुरुवातीचे काही आठवडे कोंब स्वतःच्या मुळांवर जगत नाही, टिपरीतल्या शिदोरीवर जगतो. ही शिदोरी म्हणजे पाणी, ग्लुकोज आणि नत्र. नऊ ते अकरा महिन्यांच्या, चांगल्या पोसलेल्या कोवळ्या उसात ती भरपूर असते. जरड किंवा ताणातल्या उसात पाणी कमी, नत्र कमी, आणि ग्लुकोजऐवजी पक्की साखर जास्त. असा डोळा दिसायला ठीक असतो, पण उगवताना अडखळतो.

आता एक गोष्ट कबूल करायची आहे. २०२३ च्या सप्टेंबरात आम्ही आपल्याच बेणेमळ्यात, पुढच्या जुलैच्या आडसाली लागणीसाठी म्हणून बेणे लावले. पाऊस नव्हता, विहिरीचे पाणी मार्चपासूनच खाली गेले. एप्रिल-मेमध्ये पाण्याच्या पाळ्या वाढवत वाढवत पार लांबल्या. जूनमध्ये पाऊस पडला, ऊस हिरवा झाला, आणि जुलैत आम्ही तो बेणे म्हणून वाटला. कांड्या आखूड होत्या. पण खरे सांगायचे तर त्याचे आम्हाला वाईट वाटले नाही आणि नेणाऱ्या सभासदांना तर आनंदच झाला. आखूड कांड्यांमुळे एका मोळीत डोळे जास्त बसतात ना! "स्वस्तात पडलं," असे एक ज्येष्ठ सभासद ट्रॉली भरताना म्हणाले, आणि आम्हीही हसून मान डोलावली.

लागण झाली आणि पावसाने ठाण मांडले. सऱ्यांत पाणी उभे राहिले. महिन्याने पाहिले तर बऱ्याच प्लॉटमध्ये निम्मी उगवणसुद्धा नाही. टिपऱ्या उकरून चिरल्या तर आत लाल-काळ्या पडलेल्या आणि अननसासारखा वास. हा अननस रोग. सर्वांनी पावसाला दोष दिला, आम्हीही दिला. पण तेच ज्येष्ठ सभासद आम्हाला हाताला धरून शेजारच्या बांधावर घेऊन गेले. तीच जमीन, तोच पाऊस, लागणीत दोन दिवसांचा फरक, आणि उगवण छान. त्या शेजाऱ्याने आपले बेणे घरच्या दहा गुंठ्यांत, ठिबकवर उन्हाळाभर जगवलेले होते.

तेव्हा प्रकाश पडला. पावसाने टिपरी कुजवली हे खरे, पण कुजण्याआधी उगवून बाहेर पडण्याइतकी ताकद तिच्यात उन्हाळ्यानेच ठेवली नव्हती. चांगला डोळा लवकर उगवून सुटतो, अशक्त डोळा मातीत रेंगाळतो आणि बुरशीच्या हाती सापडतो. पहिला ताण मार्च ते मेमध्ये लागला, दुसरा जुलैत, आणि दोघांची गाठ पडली ती टिपरीत. हे बेणे आम्ही वाटायला नको होते. त्या सभासदांची आम्ही माफी मागितली आहे, इथे पुन्हा मागतो.

यातला एक मुद्दा नीट ध्यानात घ्या. आडसालीची लागण जुलै-ऑगस्टची. तिला नऊ ते अकरा महिन्यांचे बेणे हवे, म्हणजे ते ऑगस्ट-ऑक्टोबरात लावलेले असते. त्याची जोमदार वाढ होते ती बरोबर मार्च ते जून, वर्षातल्या सर्वांत तापलेल्या आणि सर्वांत कमी पाण्याच्या महिन्यांत. अठरा महिने शेतात राहणाऱ्या, सर्वांत जास्त टनेज देणाऱ्या पिकाचे बी नेमके सर्वांत वाईट काळात पोसते. पाणी कमी पडले की आपण आधी उभ्या उसाला देतो आणि 'बेण्याचं नंतर बघू' म्हणतो. आम्हीही तेच केले.

कागदावरचा हिशोब मांडून पाहा. एकरी दोन डोळ्यांची १०,००० टिपरी, म्हणजे २०,००० डोळे. शंभरी ७० डोळे उगवले तर १४,००० कोंब, आणि प्रत्येकाला गाळपायोग्य तीन ऊस धरले तर ४२,००० ऊस. शंभरी ४५ उगवले तर ९,००० कोंब आणि २७,००० ऊस. एक ऊस दीड किलोचा धरला तरी पहिल्याचे ६३ टन आणि दुसऱ्याचे साडेचाळीस. विरळ उसाला फुटवे जास्त येऊन थोडी भर पडते, नांग्या भरता येतात, हे सगळे आहेच. पण नांग्या भरायलाही बेणेच लागते.

तुरा, आणि इतर पिकांचे दाणे

उसाचे खरे बी तुऱ्यात धरते. ते आपण लावत नाही, पण नवीन जाती त्यातूनच निघतात. १९१२ साली कोइमतूरला ऊस पैदास संस्था स्थापन झाली ती तिथल्या दिवसमानात आणि उबदार रात्रींत ऊस चांगला तुरा टाकतो व बी धरतो म्हणून. रात्री फार गार झाल्या की परागकण वांझ निघतात. १९१८ साली प्रसारित झालेली को २०५ ही तिथलीच जात, आपल्या पांढऱ्या सोन्याची म्हणजे को ८६०३२ ची वडीलधारी म्हणा ना. आपल्याकडे वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटचे पैदास केंद्र आंबोलीच्या दमट डोंगरात आहे, ते याच कारणाने.

शेतकऱ्याला मात्र तुरा नकोसा. दिवस लहान होऊ लागले, ढगाळ हवा, बेताचे तापमान आणि सरीत पाणी साचलेले, असा योग पावसाळ्याच्या उत्तरार्धात जुळला की शेंड्यातला कोंब पान करायचे सोडून तुरा करू लागतो. पाण्यात उभ्या असलेल्या आणि नत्राला मुकलेल्या उसात तो जास्त दिसतो. कडक ऊन किंवा पाण्याची ओढ त्या दिवसांत असेल तर उलट तुरा दबतो. २०२४ च्या पावसाळ्यात हवेचा योग तुऱ्याच्या बाजूचा होता आणि त्या हंगामात तुरा फार आला. आधी उन्हाळ्यात कांड्या आखूड राहिलेल्या, आणि पावसाळ्यात वाढ भरून काढायच्या वेळी शेंडा तुऱ्यात गेला. तुरा आला की वाढ संपली. दीड-दोन महिन्यांत तोड झाली तर ठीक, पुढे पांगशा फुटतात, आत दशी पडते, आणि वजन व उतारा दोन्ही घसरतात. तुऱ्याच्या उसाचे बेणे तर धरूच नये.

बहुतेक सभासद सोयाबीन, मका किंवा गहूही करतात, म्हणून दोन शब्द त्यावर. मक्याला फुलोऱ्यात पाण्याचा ताण बसला की कणसाचे केस उशिरा बाहेर पडतात, आणि उष्णतेने तुऱ्यावरचे पराग लवकर निकामी होतात. केस येईपर्यंत पराग संपलेले. कणीस मोठे दिसते, सोलले की निम्मे बोडके. सोयाबीनवर २०२२ साली अमेरिकेत झालेले काम फार लक्षात राहण्यासारखे आहे. दुष्काळ आणि उष्णता एकत्र आल्यावर झाडाने पानांची रंध्रे मिटली, पण फुलांची उघडी ठेवली, आणि फुलाच्या आतले तापमान त्यामुळे दोन-तीन अंशांनी कमी राहिले. घरात पाणी कमी असताना आई आधी लेकराला पाजते, तसेच. पण सरीत अजिबातच ओल नसेल तर झाड तरी कोठून पाजणार? गव्हाचे म्हणाल तर २०२२ चा मार्च आठवा. देशाच्या नोंदीतला सर्वांत तापलेला मार्च तो. दाणा भरायच्या वेळीच ऊन आले, दाणा चिमला, आणि मे महिन्यात केंद्र सरकारला गव्हाची निर्यात थांबवावी लागली.

कोरड्यानंतर ओले, आणि क्षार

लांबलेल्या पाळीत उसाची बारीक केसमुळे मरतात. त्यानंतर एकदम पाणी साचले की उरलेल्या मुळांना हवा मिळत नाही. ऊस पाण्यात उभा, आणि तरी पाने पिवळी. शेतकरी म्हणतो खत कमी पडले, युरिया टाका. युरिया घेणार कोण? मुळे कुठे आहेत? आधी चर काढा, पाणी बाहेर घाला, वाफसा येऊ द्या, मग खताचे बघा. कोरडा काळ आणि लगोलग दमट पावसाळी हवा अशा सांध्यावरच पोक्का बोइंगही उचल खातो. शेंड्याची पाने वेडीवाकडी, गुंडाळलेली, बुडाशी फिकट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैत कृष्णा-पंचगंगेच्या पुरात बुडालेल्या उसाचे शेंडे कुजले आणि अंगावरचे डोळे उभ्या उसावरच फुटले. फुटलेला डोळा म्हणजे खर्च झालेले बेणे. असा ऊस गाळपाला लवकर द्यावा, लागणीला नाही.

चोपण आणि क्षारपड जमिनीवाल्यांना वरील दोन्ही ताण जास्त बोचतात. जमीन सुकली की आहे तेवढ्याच क्षारांचे पाणी घट्ट होते. उलट पाणी साचले की हवेअभावी मुळांचे दार ढिले पडते आणि एरवी बाहेर रोखलेला क्षार झाडात शिरतो. को.एम. ०२६५ अशा जमिनीत तग धरते म्हणून ती लावली जाते, पण तग धरणे म्हणजे निचऱ्याची गरज संपली असे नव्हे. या विषयावर स्वतंत्रच लिहायला हवे.

पाणी थोडे आहे, कोणाला द्यायचे?

पाऊस आणि ऊन आपल्या हातात नाही. पण एका वेळी दोन ताण एकाच सरीत येऊ न देणे पुष्कळ अंशी आपल्या हातात आहे. ऊन टळत नसेल तर निदान त्या काळात तहान लागू देऊ नये, आणि सगळ्या शेताची तहान भागत नसेल तर कोणाची आधी भागवायची हे फेब्रुवारीतच ठरवावे. एप्रिलमध्ये ठरवायला बसले की भावकीत भांडणे होतात, निर्णय होत नाही.

आमचे मत स्पष्ट आहे : पहिला हक्क बेण्याचा. एक एकर चांगल्या बेण्यात आठ ते दहा एकर लागण होते. म्हणजे पाच एकर लागण करणाऱ्याला अवघे २० गुंठे बेणे पुरते. २० गुंठ्यांना उन्हाळाभर पाणी देणे विहीर अर्धी असली तरी जमते. हे २० गुंठे विहिरीजवळ धरा, पण खोलगट जागी नको आणि मुरमाड माळावर नको. दोन्हीकडे एकेक ताण आधीच बसलेला असतो. दुसरा हक्क सुरूच्या फुटव्यांवरच्या उसाचा. तिसरा आडसालीचा, त्याची मुळे खोल गेलेली असतात. खोडव्याचा नंबर शेवटी. हे वाचून काहींना राग येईल, कारण सध्या डोळ्यांपुढे पैसा दिसतो तो आडसालीत. पण पुढच्या वर्षीची आडसाली कशातून यायची, ते सांगा.

चाऱ्याचा प्रश्न त्याहून अवघड आहे. २०२३-२४ मध्ये पुष्कळांनी उभे बेणे चाऱ्याला घातले. दावणीला जनावर हंबरत असताना 'बेणं राखा' म्हणणे आम्हाला ऑफिसात बसून सोपे आहे, हे आम्ही जाणतो. तेव्हा एवढेच म्हणतो की आधी वाढे, मग वाळत चाललेला खोडवा, आणि बेण्याला हात लावायचाच झाला तरी निदान पाच गुंठे मागे ठेवा. पाच गुंठ्यांतूनही एक डोळ्याची रोपे ट्रेमध्ये तयार करून बऱ्याच मोठ्या क्षेत्राची लागण करता येते. शिवाय रोप महिनाभर ट्रेमध्ये असते, तेवढा महिना सगळ्या शेताचे पाणी वाचते.

बाकी उपाय आपल्याला ठाऊक आहेत, फक्त वेळेवर होत नाहीत. पाचट जाळू नका, सरीत पसरा. ऊन थेट जमिनीला लागत नाही आणि ओल टिकते, म्हणजे एका कामात दोन्ही ताण हलके होतात. पाट पाण्यावर असाल तर एक आड एक सरी भिजवा. पाळी फारच लांबली तर दर १५-२० दिवसांनी १०० लिटर पाण्यात २ किलो म्युरेट ऑफ पोटॅश आणि २ किलो युरिया मिसळून संध्याकाळच्या वेळी फवारा. पोटॅशमुळे रंध्रांची उघडझाप नीट चालते. कोरड्या सरीत युरिया फेकू नये, तो वाया जातो. बेणे तोडायच्या महिना-दीड महिना आधी मात्र ओलीवर नत्राचा जादा हप्ता द्यावा, म्हणजे डोळ्यांची शिदोरी भरते. आणि मूलभूत, पायाभूत, प्रमाणित ही बेण्याची तीन पायऱ्यांची साखळी सोडू नका. बेण्याला ५४ अंशांवर अडीच तास जी उष्ण बाष्प हवेची प्रक्रिया करतात ती काणी-गवताळ वाढीसारख्या रोगांसाठी आहे. उन्हाळ्यात उपाशी राहिलेल्या बेण्याचे पोट त्याने भरत नाही.

शेवटी एक छोटी तपासणी, जी आम्ही २०२४ मध्ये केली असती तर वरची कबुली द्यावी लागली नसती. बेणे तोडायच्या तीन आठवडे आधी प्लॉटमध्ये आडवे-तिडवे फिरून वीस-पंचवीस ऊस घ्या. त्यांची एक डोळ्याची १०० टिपरी पाडा, बुडख्याकडची व शेंड्याकडची दोन्ही त्यात येऊ द्या. सावलीत वाफ्यात किंवा ट्रेमध्ये लावा, ओल ठेवा, आणि विसाव्या दिवशी उगवलेले कोंब मोजा. ७० च्या वर असतील तर निर्धास्त लागण करा. ५० ते ७० असतील तर टिपरी दाट ठेवा, किंवा आधी रोपे करून चांगली तेवढीच लावा. ५० च्या खाली असतील तर तो ऊस कारखान्याला द्या आणि बेणे दुसरीकडे शोधा. तेही पाहूनच.

यंदापासून आपल्या बेणेमळ्यातील प्रत्येक प्लॉटची अशी मोजणी करून तिचा आकडा, तसेच त्या प्लॉटला मार्च ते मे या काळात किती पाळ्या दिल्या तो आकडा, गट कार्यालयाच्या फळ्यावर लिहिला जाईल. बेण्याची मागणी नोंदवण्यापूर्वी सभासदांनी हा फळा वाचावा. ज्यांनी घरच्या बेण्याची मोजणी केली असेल त्यांनी आकडा शेतकी मदतनिसाकडे द्यावा, कमी आला असला तरी द्यावा.

— ऊस विकास विभाग